काशीचे नैयायिक : फादर नेहेम्या गोऱ्हे



सप्टेंबर महिना उजाडला की आपल्या सास्तूरमध्ये बोलणे आपोआप ३० तारखेकडे वळते. गेल्या रविवारी मिस्सानंतर बाहेरच्या ओट्यावर असेच झाले. लातूरला शिकणारा आपल्यातलाच एक तरुण भूकंपाचे कारण समजावून सांगत होता. भारताचा भूखंड उत्तरेकडे रेटला जातो, त्याचा ताण खडकात साठतो आणि दख्खनसारख्या स्थिर समजल्या जाणाऱ्या भागातही तो कधीतरी मोकळा होतो. माणसे मेली ती मात्र मुख्यतः दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाची माती अंगावर आल्यामुळे. सगळे बरोबर होते. जवळच बसलेल्या एका आजींनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि आम्हांला विचारले की फादर, आमच्या हातून असे काय पाप घडले होते? तरुण जरा चिडला. आजींना नव्हे, आम्हांला म्हणाला की तुम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतली ना, मग सांगा, कारण कळल्यावर आणखी विचारायचे काय राहते?

त्या वेळी आम्ही काहीतरी बोललो आणि चहा घेतला. ते उत्तर आमचे आम्हांलाच पटले नाही. आठवडाभर मनात एका माणसाचे चरित्र घोळत राहिले. तो मराठी होता, तर्कशास्त्राचा पंडित होता आणि याच दोन प्रश्नांच्या मध्ये त्याने पन्नास वर्षे काढली. म्हणून या रविवारी त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीजवळच्या काशीपुरा या गावी झाला. घराणे कोकणस्थ ब्राह्मणांचे. कोकणातली माणसे बुंदेलखंडात कशी, असा प्रश्न पडेल. पेशवाईच्या काळात मराठी माणूस मध्य भारतात सर्वत्र पसरला होता. बांद्याचे नबाब तर बाजीराव आणि मस्तानी यांच्या वंशातले. गोऱ्हे घराण्याचा त्या दरबाराशी संबंध होता. पुढे कुटुंब काशीला येऊन राहिले. गंगेच्या घाटांवर तेव्हा मराठी शास्त्री-पंडितांची मोठी वस्ती होती. घरात शिवाची उपासना होती, पण तरुण नीळकंठ विष्णुभक्तीकडे वळला. कुळाचे दैवतही विचार करून स्वीकारावे, अशी त्याची प्रवृत्ती तेव्हापासूनच दिसते.

काशीत त्यांनी व्याकरण आणि न्याय या शास्त्रांचे अध्ययन केले. न्याय म्हणजे कोर्टातला न्याय नव्हे, तर गौतमाच्या सूत्रांपासून चालत आलेले तर्काचे शास्त्र. ज्ञान मिळवण्याची चार साधने त्यात मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, म्हणजे विश्वसनीय माणसाचे किंवा ग्रंथाचे सांगणे. अनुमानाचे नेहमीचे उदाहरण डोंगरावरच्या धुराचे. डोंगरावर अग्नी आहे, कारण तेथे धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. तसाच धूर या डोंगरावर आहे, म्हणून तेथे अग्नी आहे. हे पाच टप्पे विद्यार्थ्याकडून घोटून घेतले जात आणि मग त्यांत शिरू शकणाऱ्या चुका, म्हणजे हेत्वाभास, शिकवले जात. धुके पाहून धूर समजणारा माणूस कितीही आत्मविश्वासाने बोलला तरी त्याच्या अग्नीवर भाकरी भाजली जात नाही.

येथे एक विषयांतर करतो, पण ते पुढे लागणार आहे. गौतमाच्या शास्त्राने वादविवादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी दोघांनी मिळून केलेला तो वाद. केवळ जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे फक्त मोडून काढायचे ती वितंडा. आज आपण वाद हा शब्द भांडणासाठी वापरतो, बांधाचा वाद, भावकीचा वाद. शास्त्रात मात्र तो तिघांतला उत्तम प्रकार आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी आम्हांला सॉक्रेटिस शिकवला गेला, तेव्हा आम्ही वर्गात जोरजोराने बोलत असू आणि त्यालाच तत्त्वज्ञान समजत असू. ते बहुतेक जल्प होते. ग्रीक भाषेत या विद्येचे नाव ज्ञानाची आवड असे आहे, ज्ञानाची मालकी असे नाही. ही साधी गोष्ट ध्यानात यायला आम्हांला बराच वेळ लागला.

नीळकंठशास्त्रीही आरंभी जिंकण्यासाठीच निघाले होते. काशीच्या रस्त्यांवर विल्यम स्मिथ नावाचे चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी उपदेश करीत. वीस वर्षांच्या आतबाहेर असलेल्या या पंडिताला वाटले की यांना एकदा गप्प करावे. त्याच सुमारास जॉन मूर या स्कॉटिश सरकारी अधिकाऱ्याने संस्कृतात लिहिलेला मतपरीक्षा हा ग्रंथ पंडितांत चर्चेचा विषय झाला होता. तो १८३९ साली निघाला होता आणि त्यात धर्मांची पारख बुद्धीच्या कसोटीवर करावी असे सुचवून ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ ठरवला होता. त्याला तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. त्यांतले १८४४-४५ चे शास्त्रतत्त्वविनिर्णय हे उत्तर आपल्या नीळकंठशास्त्र्यांचे.

हे उत्तर आजही विचार करण्याजोगे आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. नुसत्या बुद्धीने कोणताही धर्म उभा राहत नाही. प्रत्येक धर्मात आधी श्रद्धा असते आणि बुद्धी तिच्या कुंपणाच्या आत काम करते. मग ख्रिस्ती लोकांनी आमच्या ग्रंथांना बुद्धीचा कस लावावा आणि स्वतःच्या ग्रंथाला लावू नये, हे कसे? शिवाय त्यांनी प्रश्न उभे केले. पूर्वजन्म नसेल तर एक मूल आंधळे आणि दुसरे डोळस का जन्मते? काहीही अपराध न केलेले पशू का तळमळतात? थोड्या वर्षांच्या पापाला अनंत काळाची शिक्षा न्याय्य कशी? ईश्वर दयाळू असेल तर दुःख भोगणारच अशा जिवांना तो निर्माण का करतो? ख्रिस्ती धर्माविषयीच्या आपल्या शंका त्यांनी स्मिथसाहेबांना लिहूनही दिल्या.

बंधुभगिनींनो, ओट्यावर आजींनी विचारलेला प्रश्न तो हाच. काशीच्या पंडिताने तो शास्त्राच्या भाषेत विचारला एवढाच फरक.

स्मिथ हे मोठे तार्किक नव्हते. ते जल्पात उतरले नाहीत, हे त्यांचे श्रेय. त्यांनी वाचायला पुस्तके दिली आणि प्रश्न ऐकून घेतले. पंडिताने शुभवर्तमान खोडून काढण्यासाठी हातात घेतले. मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना खोडून काढण्यासारखे काही सापडेना, उलट त्यांच्या मनाची पकड घेणारे काही सापडले. तेथून पुढची तीनेक वर्षे ओढाताणीत गेली. अखेर १४ मार्च १८४८ रोजी, काशीत नव्हे तर जवळच्या जौनपूरला, त्यांचा बाप्तिस्मा झाला. नेहेम्या हे नाव त्यांनी घेतले. जुन्या करारातील नेहेम्या यरुशलेमेच्या पडक्या भिंती पुन्हा बांधणारा. पडलेल्या भिंतींच्या गावात राहणाऱ्या आम्हांला हे नाव वाचून थोडे थांबावेसे वाटते.

त्या काळी ब्राह्मण घरातून माणूस असा गेला की तो घरच्यांना मेल्यासारखा असे. या ठिकाणी चरित्रकार सहसा विजयाचा सूर लावतात. आम्हांला तो लावता येत नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. सप्टेंबर १८५३ मध्ये त्यांना एलन लक्ष्मी ही मुलगी झाली आणि थोड्याच काळात लक्ष्मीबाई वारल्या. पूर्वजन्माच्या हिशोबात या दुःखाला एक उत्तर होते आणि ते उत्तर नेहेम्यांनी पाच वर्षांपूर्वी मागे टाकले होते. नव्या घरात तसे नेमके उत्तर कोणी हाती ठेवणार नव्हते. मुलगी युरोपियन कुटुंबांत वाढली, इंग्लंडला गेली आणि वडिलांना तिचा सहवास फारसा मिळाला नाही.

१८५४ च्या सुमारास पंजाबचे तरुण महाराज दुलीपसिंग यांचे शिक्षक म्हणून ते इंग्लंडला गेले. ज्या देशाने शुभवर्तमान पाठवले तो देश पाहण्याची त्यांना उत्सुकता होती. लंडनमध्ये गर्दी होती, दारिद्र्य होते, पैशामागे धावणारी माणसे होती. डोंगरावरील प्रवचनाप्रमाणे वागणारे शहर काही दिसले नाही. ऑक्सफर्डचे प्रसिद्ध पंडित मॅक्समुल्लर यांना ते भेटले, तेव्हा त्यांची निराशा मॅक्समुल्लरांच्या चांगलीच ध्यानात राहिली आणि त्यांनी ती पुढे लिहून ठेवली. एखाद्याने तेथूनच परत फिरावे अशी ही वेळ होती. पण गोऱ्हे नैयायिक होते. औषध खरे आहे की नाही हा एक प्रश्न आणि ते घरात ठेवून न घेणारे रोगी किती हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावरून देता येत नाही, हे त्यांना कळत होते.

परत आल्यावर त्यांनी आपला मोठा ग्रंथ लिहिला. षड्दर्शनदर्पण हा हिंदी ग्रंथ १८६० साली निघाला आणि फिट्झएडवर्ड हॉल या संस्कृतज्ञाने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ मध्ये कलकत्त्याला प्रसिद्ध झाले. सांख्य, न्याय, वेदान्त अशा दर्शनांची त्यात कसून तपासणी आहे. वेदान्तावर त्यांचा रोख अधिक. पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशा तीन सत्ता मानल्या की एकच वस्तू आहे आणि नाहीही, असे म्हणण्याची सोय होते, अशी त्यांची हरकत होती. ज्या न्यायशास्त्राच्या मांडीवर ते वाढले त्यालाही त्यांनी सोडले नाही. परमाणू आणि आत्मे अनादि असतील तर ईश्वर हा निर्माता न राहता फक्त कुशल कारागीर ठरतो, असे त्यांनी दाखवले.

या ग्रंथाविषयी आमचे मत सांगतो. त्यातील तर्क धारदार आहे, पण वाचताना मन कधीकधी कोरडे होते. दर्शनकारांनी अमुक वचन का लिहिले, त्यांना कशाची तहान होती, हे विचारण्याआधी ते वचन फासावर जाते. वादाचा नियम त्यांना पक्का ठाऊक होता, तरी या पानांत अधूनमधून जल्प डोकावतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांतील सत्य आणि पवित्र गोष्टींचा आदर करायला सांगितले. गोऱ्हे त्याच्या शंभर वर्षे आधीचे. तरी न्याय करायचा तर हेही नोंदवले पाहिजे की पुढे त्यांनी स्वतःच निराळा सूर लावला. अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता, क्षमा यांची शिकवण देऊन देवाच्या योजनेने हिंदू मन ख्रिस्तासाठी आधीच तयार केले आहे, असे त्यांनी लिहिले. दर्शनांशी भांडलेल्या माणसाला त्या दर्शनांच्या घरातल्या भक्तीची आठवण शेवटपर्यंत राहिली.

दुसऱ्या बाजूलाही त्यांनी बुद्धीची मर्यादा दाखवली. बंगालचा ब्राह्मो समाज आणि आपल्याकडचा प्रार्थना समाज यांचे म्हणणे होते की ग्रंथ नको, अवतार नको, माणसाच्या बुद्धीला आणि अंतःकरणाला देव आपोआप कळतो. गोऱ्ह्यांनी त्यांना विचारले की तसे असेल तर शून्यातून जग निर्माण करणारा, पवित्र आणि प्रेमळ असा एकच पिता ही कल्पना आपल्या एवढ्या तीक्ष्ण बुद्धीच्या प्राचीन आचार्यांना का सुचली नाही? जे तुम्हांला सहज वाटते ते तुम्ही शुभवर्तमानाच्या शेजारी राहून घेतले आहे. या युक्तिवादावर बरेच बोलता येईल, आमच्याही काही शंका आहेत. मात्र त्यातला मुद्दा नीट पाहिला तर तो बुद्धीला हिणवणारा नाही. शब्द, म्हणजे सांगणाऱ्याचे सांगणे, हेही ज्ञानाचे साधन आहे, हा जुन्या न्यायशास्त्राचाच मुद्दा आहे. आईचे नाव आपल्याला अनुमानाने कळत नाही, कोणीतरी सांगते म्हणून कळते. त्यावर विश्वास ठेवणारा माणूस बुद्धी सोडतो असे कोणी म्हणत नाही. १९९८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रद्धा आणि बुद्धी या विषयावर परिपत्रक काढले. त्यात भारताच्या तत्त्वज्ञानाचा मुद्दाम उल्लेख आहे. आमच्या सेमिनरीच्या काळात ते नवीनच होते आणि आम्ही परीक्षेपुरते वाचले होते. गोऱ्हे वाचल्यावर ते आम्हांला पुन्हा उघडावेसे वाटले.

गोऱ्हे कॅथोलिक नव्हते, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर कोणीतरी नंतर आम्हांला पकडेल. ते अँग्लिकन पंथाचे. १८७० मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. जुन्या ख्रिस्तसभेच्या परंपरेकडे, साक्रामेंतांकडे आणि संन्यस्त जीवनाकडे त्यांचा ओढा वाढत गेला. १८७६ मध्ये ते ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संत योहानाच्या अँग्लिकन संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. पण अखेरचे व्रत त्यांनी कधीच घेतले नाही. मन शंकांनी पोखरलेले असे. आपण पुरेसे खरे आहोत का, आपण जे शिकवतो त्याचा पुरावा पक्का आहे का, असे प्रश्न त्यांना म्हातारपणीही छळत. त्यांचे सोबती त्यांना संत मानत आणि ते स्वतः रात्रभर स्वतःचीच उलटतपासणी घेत. राहणी अत्यंत साधी होती. या अवस्थेतच ते चांदा, इंदूर, पुणे, मुंबई असे फिरले, शिकवत आणि लिहीत राहिले.

पुण्याला त्यांची गाठ पंडिता रमाबाईंशी पडली. दोघेही संस्कृतात वाढलेले, दोघांनीही घर गमावलेले. हिंदू आणि ख्रिस्ती विचारांतला फरक फादर गोऱ्ह्यांनी आपल्याला समजावून दिला, असे रमाबाईंनी नोंदवून ठेवले आहे. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांच्या मनात उठलेल्या शंकांना गोऱ्ह्यांनी भारतातून लेखी उत्तरे पाठवली, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्मा झाला म्हणून रमाबाईंनी विचारणे थांबवले नाही. त्रैक्याच्या शिकवणीवरून तेथल्या सिस्टरांशी त्यांचा पत्रव्यवहार चांगलाच तापला. गोऱ्ह्यांची शिष्या शोभते. तर्काचा वारसा त्यांनी तिला दिला, तो तिने त्यांच्या पंथातल्या माणसांवरही चालवला.

आता ओट्यावरच्या प्रश्नाकडे येतो. तरुणाने सांगितलेले कारण खरे आहे आणि प्रत्येकाने ते शिकावे. भिंतींची रुंदी, माळवदाचे ओझे, हे १९९३ पूर्वी कोणी गांभीर्याने घेतले असते तर ३० सप्टेंबरच्या त्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून झोपलेल्या हजारो माणसांपैकी कित्येक उठून बसली असती. हे बुद्धीचे काम आहे आणि ते न करणे हा दोष आहे. आजींचा प्रश्न मात्र भिंतीविषयी नाही. तो भिंतीखाली गेलेल्या मुलाविषयी आहे. नैयायिकाच्या भाषेत सांगायचे तर तरुणाचा हेतू निर्दोष आहे, पण त्याने सिद्ध होते ते आजींचे साध्य नव्हे.

आणि आजींना पापाचा हिशोब सांगणारा, मग तो पूर्वजन्माचा असो की ख्रिस्ती उपदेशकाच्या तोंडचा देवाच्या शिक्षेचा असो, धुक्याला धूर समजतो आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, हा प्रश्न प्रभू येशूपुढेही आला होता. लूकच्या शुभवर्तमानात तेरावा अध्याय काढून पाहा. येशूने तो हिशोब नाकारला. जन्मांध माणसाच्या बाबतीतही नाकारला. तरुण नीळकंठाने विचारलेला आंधळ्या मुलाचा प्रश्न तेथे अक्षरशः उभा आहे, तो योहानच्या नवव्या अध्यायात. तेथे का याचे सिद्धान्तरूप उत्तर नाही. तेथे एक माणूस मातीचा लेप करून आंधळ्याच्या डोळ्यांना लावतो. गोऱ्ह्यांनी सगळे समजावून सांगणारा हिशोब सोडला आणि ज्याला प्रश्न विचारता येतात अशा देवाकडे ते गेले. त्यांना मनाची शांती फार थोडी मिळाली, हे आम्ही लपवत नाही. सकाळी मिस्साला उभे राहायचे आणि रात्री पुन्हा प्रश्न विचारायचे, असे ते सत्तर वर्षांचे होईपर्यंत जगले.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांची एलन लक्ष्मी १८८० मध्येच भारतात परतली होती. ती कवयित्री म्हणून ओळखली गेली आणि तिने आपले आयुष्य येथल्या स्त्रियांच्या सेवेत घालवले. ती १९३७ मध्ये वारली.

येत्या ३० तारखेला नेहमीप्रमाणे भूकंपात गेलेल्यांसाठी मिस्सा होईल. ज्यांना नावे द्यायची आहेत त्यांनी ती आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत लिहून आणावीत. आजींनी त्यांच्याकडची तीन नावे दिली आहेत. तो तरुण त्या दिवशी सुट्टी काढून येणार आहे. मिस्सानंतर ओट्यावर बसू.